नवी गिअरची सायकल की जुनी बावीस इंची? जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर-सावदा पट्ट्यात दोन्ही चालवून सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो. नवी गिअरची हायब्रीड (रस्त्याची आणि डोंगराची यांच्या मधली सायकल) घेतली त्याचे पैसे वसूल आहेत, पण ते फक्त गिअर आणि ब्रेकमुळे. बाकी रोजच्या कामाला घरातली जुनी काळी बावीस इंचीच (बावीस हे फ्रेमचं माप, चाकाचं नाही) आजपण भारी आहे. आणि हे वडिलांची सायकल म्हणून प्रेमापोटी नाही म्हणत, दोन्ही सायकली त्याच रस्त्यावर त्याच शेतात उन्हाळा पावसाळा चालवल्यात म्हणून म्हणतोय.

गिअरचं बघा. जुनीला पुढे ४४ दाते, मागे १८, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते, चढ असो नाहीतर समोरचा वारा असो, तेवढंच. सपाटीला मस्त पळते. पण आपलं तापीचं खोरं पडलं पूर्व-पश्चिम आणि मे महिन्यात दुपारनंतर वारा पश्चिमेचा, मग सावद्याहून संध्याकाळी फैजपूरला परत येताना तो तापलेला वारा सरळ तोंडावर येतो आणि सीटवरून उठून उभ्याने पायडल मारत यावं लागतं. नवीला पुढे तीन चकत्या, ४८-३८-२८ दात्यांच्या, आणि मागे सात, १४ ते २८ दात्यांच्या. सगळ्यात हलक्या गिअरला एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, स्पीड पार कमी होतो पण बसल्या बसल्या येता येतं, छातीत धाप भरत नाही. पाल गावाकडे सातपुड्यात चढताना जुनी हातात धरून ढकलावी लागायची, नवीवर खाली न उतरता गेलो, तेव्हा खरंच वाटलं की पैसे सार्थकी लागले. पण घाटात जायचंच नसेल तर २१ गिअरच्या मागे लागू नका, सपाटीला मधली चकती आणि मागचे सात गिअर एवढ्यावर सगळं भागतं, पुढे एकच चकतीवाली घ्या, बिघडायला पण तेवढं कमी.

ब्रेक म्हणाल तर तुलनाच नाही. जुन्या सायकलींचे सळईचे ब्रेक कोरड्यात ठीक, पण स्टीलची चकचकीत रिम एकदा भिजली की रबर नुसतं घसरतं, पावसात लांबूनच दाबायला सुरुवात करावी लागते. नवीला वायरवाले डिस्क आहेत, भर पावसात पण धरतात. वायर थोडी ढिली होत जाते, ती ताणायला लिव्हरपाशीच गोल नट असतो, हाताने फिरतो, दुकानदाराकडून तेवढं शिकून घ्या.

आता राग येतो ती गोष्ट. पंधरा हजाराच्या वर पैसे मोजले आणि सायकलला ना मडगार्ड, ना कॅरियर, ना चेनकव्हर! दुकानदार म्हणे भाऊ हायब्रीडला देतच नाहीत, वेगळं घ्यावं लागेल. अहो, कॅरियर नसलेली सायकल घेऊन शेतकऱ्याने करायचं काय? जुनीच्या कॅरियरवर भरताच्या वांग्यांची गोणी, युरियाची बॅग, गुरांचा चारा, माणूस डबल सीट, सगळं गेलंय आणि डबल स्टँडवर ती ओझ्यासकट सरळ उभी राहते. नवीचा साइड स्टँड पाणी भरलेल्या शेतात रुततो आणि सायकल आडवी. शेवटी कॅरियर बाहेरून बसवला, पण त्यावर जड ओझं टाकायची हिंमत होत नाही. चेनकव्हर नाही म्हणून पायजम्याची कड काळी होते ती वेगळीच.

काळ्या मातीचं मात्र उलटं आहे. पाऊस झाल्यावर बांधावरून जुनी नेली की टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल ठासून बसतो, चाक फिरतच नाही, काडीने उकरत बसा. नवीचं चाक फिरत राहतं, पण माती जाते मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवतो तो भाग) छोट्या चाकांमधे, ती वाळली की गिअर उड्या मारतो. पाण्याने धुवायची, पुसायची, चेनवर थेंब थेंब तेल, हे केलंच पाहिजे. जुनीला वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग, छर्रे आणि ग्रीस बदललं की झालं.

पंक्चरला दोघींना बाभळीचा काटा आणि सराटे सारखेच. नवीच्या ट्यूबला मोटरसायकलसारखा वॉल्व्ह आहे त्यामुळे हायवेवर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते, हा मोठा फायदा. फक्त किती प्रेशर भरायचं ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं ते वाचून त्याला सांगा, तो अंदाजाने मोटरसायकलएवढी भरतो आणि मग सायकल जड चालते. आणि टायर घेताना लक्ष ठेवा, गावातल्या दुकानात "अठ्ठावीसचा" मागितला की जुन्या सायकलचा देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात पण टायरची कड रिमवर बसते तिथला व्यास जुन्याचा ६३५ आणि हायब्रीडचा ६२२, तेरा मिलिमीटरचा फरक, तो टायर घट्ट बसणारच नाही. आकडा टायरवरच असतो, बघूनच पैसे द्या.

स्पेअरचं बोलायचं तर ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद झाला तेव्हा वाटलं होतं की जुन्या सायकलींचं आता अवघड आहे. पण चेन, फ्रीव्हील, कोटर पिन, ब्रेक रबर सगळं कॉमन मापाचं, लुधियानाचा माल तालुक्याला अजून मिळतो आणि म्हातारे मिस्त्री डोळे झाकून बसवतात. नवीचा गिअर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी) वाकला तर जळगाव गाठावं लागतं. म्हणून टेम्पोत आडवी टाकायची असेल तर गिअरची बाजू वर ठेवा, हे टेम्पोवाल्याला स्वतः उभं राहून सांगा, तो ऐकत नाही.

कॉलेजला लांबून येणाऱ्या पोरापोरींनी नवी घ्यावी, पण मडगार्ड-कॅरियरचे दोनेक हजार आधीच बाजूला धरून बजेट करा आणि दुकानातच बसवून घ्या, नंतर देतो म्हणाले तर बिल करू नका. शेतात ओझं न्यायचं असेल तर जुनी विकू नका, भंगारवाला किलोच्या भावाने मागतो.