निवडणुकीची जुनी पत्रके आणि पाकिटांवरच्या नोंदी : एका दुकानाविषयी अभिप्राय

पुण्याच्या एका जुन्या पेठेत, वाड्याच्या तळमजल्यावरील दोन खोल्यांत चालणाऱ्या जुन्या कागदांच्या दुकानाविषयी हा अभिप्राय आहे. दुकानावर पाटी नाही आणि नाव-पत्ता छापू नये अशी मालकांची विनंती आहे. ती मी पाळत आहे. कागदांचा नाद असलेल्या बहुतेक संग्राहकांना ही जागा ठाऊक असते, आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी बुधवारी किंवा रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एखाद्या जुन्या पुस्तकविक्रेत्याकडे चौकशी केली तरी पुरे. दुकानात जुने मुद्रांक, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तके असे पुष्कळ काही आहे. त्यातले लोखंडी कपाट निवडणुकांसाठी राखलेले असून हँडबिले, जाहीर पत्रके, जाहीरनामे, मतदार-चिठ्ठ्या आणि छातीवर लावायचे बिल्ले हा त्यातला माल आहे. मी येथे केवळ या कपाटाविषयी लिहीत आहे.

निवडणुकीचे जुने साहित्य विकणारे इतरही आहेत. त्या सर्वांपेक्षा हे दुकान मी वरचे मानतो ते पाकिटांवरच्या नोंदींमुळे. प्रत्येक पत्रक ज्या पाकिटात ठेवलेले असते त्यावर ते कोणत्या गावातून आले, कार्यकर्त्याच्या घरातून आले की बंद पडलेल्या छापखान्यातून, त्याच्यासोबत आणखी कोणते कागद होते आणि ते केव्हा विकत घेतले, एवढा मजकूर पेन्सिलीने लिहिलेला असतो. ज्या घराने कागद विकले त्या घराचे नाव मात्र कोठेही लिहिलेले नसते, आणि ते योग्यच आहे. एका घरातून आलेला लॉट मालक शक्यतो फोडत नाहीत. फोडावाच लागला तर प्रत्येक सुट्या पाकिटावर एकच खूणक्रमांक घालतात, म्हणजे पुढेमागे कोणाला ते कागद पुन्हा एकत्र मांडायचे झाले तर मांडता यावेत. रद्दीच्या दरात गठ्ठा घ्यायचा आणि त्यातले नामवंत पुढाऱ्याचे तेवढे पत्रक वेगळे काढून बाकीचे फेकून द्यायचे, हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार पाहता ही शिस्त फार मोलाची आहे.

ही नोंद किती महत्त्वाची असते, हे १९५७ च्या निवडणुकीच्या पत्रकांवरून चांगले समजते. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात झाली आणि पुढच्याच वर्षी द्विभाषिक मुंबई राज्यात ती निवडणुकीला सामोरी गेली. समिती ही अनेक पक्षांची एकजूट होती आणि तिचे उमेदवार आपापल्या पक्षाच्या चिन्हावर उभे होते. त्यामुळे समितीची मागणी तीच आणि घोषणाही त्याच असल्या, तरी एका पत्रकावर प्रजासमाजवाद्यांची झोपडी, दुसऱ्यावर कम्युनिस्टांचा विळा-कणीस, तिसऱ्यावर डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती तर चौथ्यावर जनसंघाचा दिवा दिसतो. पुण्यातून लोकसभेवर निवडून आलेले ना. ग. गोरे, मध्य मुंबईतून निवडून आलेले श्रीपाद अमृत डांगे आणि साताऱ्यातून निवडून आलेले क्रांतिसिंह नाना पाटील यांच्यासारख्यांची पत्रके नावावरूनच ओळखता येतात. परंतु ज्या हँडबिलावर उमेदवाराचे केवळ आडनाव आणि चिन्ह आहे, किंवा ‘समितीच्या उमेदवारालाच मत द्या’ एवढाच मजकूर आहे, ते कोणत्या मतदारसंघातले हे ते कोठून आले हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. दुकानात अशा एकाच ठशाच्या हँडबिलांचा गठ्ठा आहे. त्यातल्या काहींवर हत्ती आहे आणि काहींवर झोपडी. ती सर्व एकाच छापखान्याच्या अडगळीतून आल्याची नोंद पाकिटावर आहे. मजकुराची जुळणी तशीच ठेवून केवळ चिन्हाचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठोकळा, बदलत शेजारशेजारच्या मतदारसंघांसाठी ती छापली गेली, हे त्या एका ओळीमुळे स्पष्ट होते. ही हँडबिले सुटी विकली गेली असती तर त्यांतून एवढे काहीच उरले नसते.

जेथे नोंद अपुरी आहे तेथे कागदावरूनच काळ ठरवावा लागतो, आणि या कामात मालकांची नजर विश्वास ठेवण्याजोगी आहे. पत्रकात मतदाराला काय करायला सांगितले आहे, हे ते सर्वांत आधी वाचतात. १९५१-५२ आणि १९५७ या दोन्ही निवडणुकांत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी असे आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकायची असे. म्हणून त्या काळातली पत्रके ‘बैलजोडीच्या पेटीत मत टाका’ अशा धर्तीवर बोलतात. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतपत्रिकेवर सर्व चिन्हे छापली जाऊ लागली, आणि पत्रकांतली भाषा फुलीची व शिक्क्याची झाली. नमुना मतपत्रिका छापलेली हँडबिलेही त्यानंतरचीच. २००४ साली लोकसभेची संपूर्ण निवडणूक यंत्रांवर झाली आणि तोपर्यंत पत्रकातला मतदार बटण दाबू लागला होता. एकाच पत्रकात दोन मते मागितली असतील आणि दोन उमेदवारांची नावे जोडीने असतील, तर द्विसदस्य, म्हणजे एकाच वेळी दोन प्रतिनिधी निवडून देणाऱ्या, मतदारसंघाची शक्यता आधी तपासावी. हे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. १९५२ साली फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी युती करून उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघातून निवडणूक लढवली होती. फेडरेशनचा हत्ती आणि समाजवाद्यांचे झाड एकाच कागदावर आढळले तर त्या युतीची आठवण ठेवावी.

पत्त्यावरूनही बराच उलगडा होतो. छापखान्याच्या नावापुढे ‘पुणे २’ किंवा ‘मुंबई ४’ असा विभागक्रमांक असेल तर कागद बहुधा जुना, आणि सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचा हे निश्चित, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. काँग्रेसच्या पत्रकांत चिन्हच पुरेसे बोलके असते. १९६९ च्या फुटीनंतर बैलजोडी हे पक्षाचे जुने चिन्ह १९७१ च्या निवडणुकीत कोणत्याच गटाला मिळाले नाही. इंदिरा गांधींच्या गटाने गाय-वासरू घेतले आणि १९७८ मधल्या आणखी एका फुटीनंतर हाताचा पंजा आला. शिवसेनेची १९८९ पूर्वीची पत्रके पाहताना धनुष्यबाणाचाच आग्रह धरू नये. पक्षाला राजकीय पक्ष म्हणून मान्यता मिळून ते चिन्ह कायम होण्यापूर्वी तिच्या उमेदवारांनी वेगवेगळी चिन्हे वापरली होती. नवख्या खरेदीदारांना ही पत्रके बनावट वाटतात आणि ते चांगली वस्तू सोडून जातात.

तळाशी असलेल्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण याबाबत बरेच गैरसमज आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली घातलेल्या कलम १२७-अ नुसार निवडणूक-पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे व पत्ते असणे सक्तीचे आहे, आणि हाताने नकलून काढलेल्या प्रती वगळता कोणत्याही रीतीने प्रती वाढवणे म्हणजे छपाईच, असेही ते कलम सांगते. त्यामुळे सायक्लोस्टाइलवर (मेणकागदी स्टेन्सिलच्या यंत्रावर) काढलेली पत्रकेही त्याच्या कक्षेत येतात. याउलट ज्या हँडबिलात केवळ सभेची तारीख, वेळ आणि जागा जाहीर केली आहे त्याला ही अट लागू नाही. म्हणून सभेच्या हँडबिलावर ही ओळ नाही एवढ्यावरून ते संशयास्पद ठरवू नये. आणीबाणीतली भूमिगत पत्रके वेगळ्याच कारणाने निनावी आहेत. पकडले जाण्याच्या भीतीने त्यांच्यावर काहीच लिहिलेले नसे. दुकानात अशी काही सायक्लोस्टाइल पत्रके आहेत. निवडणूक-साहित्यात त्यांची गणना करावी की नाही यावर मतभेद होऊ शकतो, पण मार्च १९७७ च्या निवडणुकीच्या, चक्रातला नांगरधारी शेतकरी हे चिन्ह असलेल्या जनता पक्षाच्या पत्रकांशेजारी ती ठेवली आहेत, हे मला पटले. त्या निवडणुकीचा आवेश कोठून आला हे दोन्ही कागद शेजारी पाहिल्यावर समजते.

या कपाटातले सर्वांत सुंदर पाकीट गोव्याचे आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे म्हणणाऱ्यांचे चिन्ह फूल आणि संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे म्हणणाऱ्यांचे दोन पाने असे होते. १,३८,१७० मते फुलाला आणि १,७२,१९१ मते दोन पानांना पडली. या पाकिटात दोन्ही बाजूंची मराठी पत्रके आहेत, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने विलीनीकरणाच्या विरोधात लिहिलेले मराठी गद्य अवश्य वाचावे असे मला मनापासून वाटते. आपल्या भाषेत, आपल्याच राज्यात येण्यास नकार देणारा इतका नेमका आणि शांत युक्तिवाद आपण सहसा वाचत नाही. हे पाकीट मालक सुटे विकत नाहीत. किंमत माझ्या आवाक्याबाहेरची असली तरी त्यांचा हा निर्णय मला योग्य वाटतो.

किमतींविषयी माझे मत संमिश्र आहे. साधी एकरंगी हँडबिले शे-दीडशे रुपयांपासून मिळतात आणि तो दर वाजवी आहे. समितीच्या काळातली ठळक मथळ्यांची पत्रके हजारापुढे जातात. नोंद पूर्ण असेल तर मी ती घेतो. मात्र मोठ्या नेत्याचे छायाचित्र असले की किंमत एकदम चढते, मग तो कागद कितीही विपुल छापलेला असो. याउलट नगरपालिका, बाजार समिती आणि सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुकांची पत्रके अगदी स्वस्तात पडून असतात. माझ्या मते या दुकानातली खरी खरेदी तीच. विधानसभेचे पत्रक अनेक घरांत जपले जाते, कारखान्याच्या पॅनेलचे पत्रक मात्र मतमोजणी संपताच चुलीत जाते, आणि ग्रामीण महाराष्ट्राचे राजकारण त्यात अधिक उघडपणे दिसते. बिल्ल्यांविषयी एवढेच सांगतो की पत्र्याचे जुने बिल्ले गंजलेले आहेत आणि प्लास्टिकचे फार महाग लावले आहेत.

आता दोष. नोंदींची एवढी काळजी घेणारे दुकान कागद ठेवते मात्र पीव्हीसीच्या स्वस्त पिशव्यांत, आणि ही गंभीर बाब आहे. पीव्हीसीतले मऊपणा आणणारे द्रव्य काळाने बाहेर येते, पिशवी चिकट होते आणि शाई तिला धरते. पतंगी कागदावरच्या रंगीत हँडबिलांचे यात फार नुकसान होते. पॉलिएस्टरच्या पिशव्या महाग आहेत हे खरे, पण निदान १९६२ पूर्वीच्या कागदांना तरी त्या द्याव्यात, असे मी मालकांना सुचवले आहे. घरी नेल्यावर पहिल्या दिवशीच कागद पिशवीतून काढावा. ही पत्रके बहुधा लगद्याच्या हलक्या कागदावर असल्यामुळे आपोआप पिवळी पडतात आणि घडीवर तुटतात. तुटलेल्या घडीला सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. लॅमिनेशन करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मालक स्पष्ट नकार देतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

दुसरा दोष प्रतिकृतींचा आहे. समितीच्या काळातल्या एका गठ्ठ्यात प्रदर्शनासाठी ऑफसेटवर काढलेली प्रतिकृती मूळ कागदांत मिसळलेली मला आढळली. दाखवून दिल्यावर मालकांनी ती लगेच बाजूला काढली, परंतु ती तेथे असायलाच नको होती. खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी, छापलेल्या कागदाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवले की अक्षरांचा दाब लागतो आणि भिंगातून पाहिल्यास अक्षराच्या कडेला शाई दाटलेली दिसते. ऑफसेटचा कागद दोन्ही बाजूंनी सपाट असतो आणि रंगीत झेरॉक्सची शाई तिरक्या उजेडात चमकते. ही तपासणी खरेदीपूर्वीच करावी, कारण एकदा घेतलेला कागद दुकान परत घेत नाही.

टपालाने मागवणाऱ्यांसाठी सेवा चांगली आहे. व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंची छायाचित्रे येतात, पाकिटावरच्या नोंदीचे छायाचित्रही मागितल्यास मिळते, आणि कागद दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, न दुमडता, पार्सलाने येतो. पावसाळ्यात मात्र मागवू नये. याद्या वेळेवर निघत नाहीत आणि उत्तराला उशीर होतो, हे गृहीत धरावे.

आधी फोन करूनच जावे. दुपारी दुकान बंद असते. निवडणुका जाहीर झाल्या की कपाटासमोर गर्दी होते आणि दरही चढतात, त्यामुळे ते आठवडे टाळावेत. दिवाळीपूर्वी लोक माळे झाडतात, म्हणून नवे लॉट साधारण दिवाळीनंतर दुकानात येतात. तेव्हा जाणाऱ्याला पाकिटे भरली जाण्यापूर्वीच अख्खा गठ्ठा पाहायला मिळतो.