फिश टँकमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं, त्यावरही लोक पैसे छापतात

नागपुरात टँक ठेवणाऱ्या सगळ्यांनी वाचा, आता कूलर निघाले की हे प्रकार परत सुरू होतील.

माझ्याकडे तीन फुटी टँक आहे, त्यात निऑन टेट्रा आणि दोन एंजल. साफसफाईला एका दुकानाचा माणूस महिन्याला यायचा, दुकानाचं नाव लिहीत नाही. मार्चमध्ये तो आला आणि वरची काच काढून बाल्कनीत ठेवली, म्हणे दादा गर्मीत मासे गुदमरतात, वरून पंखा लावा. आता पंख्यानं पाणी दोनेक डिग्री थंड होतं हे खरंच आहे, म्हणून ऐकलं. पण पाणी थंड होतं तेच मुळी ते उडतं म्हणून, हे त्यानं सांगितलं नाही. काच नाही, वर पंखा, बाहेर नागपूरची कोरडी हवा, मग रोज अर्धा सेंटीमीटर लेव्हल खाली. तीन फूट बाय एक फूट टँकमध्ये एक इंच म्हणजे सात लिटर पाणी होतं, हिशोब करा.

पुढच्या वेळी आला तर लेव्हल बघून लगेच म्हणे टँक लीक आहे. मी ऑफिसात होतो, घरी बायको. तिला कोपऱ्याला टिश्यू लावून दाखवला, ओला झाला. अरे, त्याआधी अर्धा तास पाइपनं पाणी काढत होता, हात कोपरापर्यंत ओले, टिश्यू ओला नाही होणार तर काय! "वहिनी, रात्रीतून फुटला तर खाली सोफ्यापर्यंत पाणी," असं म्हटल्यावर कोण नाही म्हणेल. रिसीलिंगचे, म्हणजे काचांचे सांधे सिलिकॉननं परत बंद करायचे, अठराशे घेतले, फोनवरून पेमेंट, बिल नाही.

रिसीलिंग म्हणजे काय केलं तर मासे बादलीत, पाणी अर्धं काढलं आणि जुन्या सिलिकॉनवरच नवीन फासलं. जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडून काढल्याशिवाय नवीन नीट धरतच नाही, आणि सुकायला कमीत कमी एक दिवस पाहिजे, दोन दिले तर बरं. यानं संध्याकाळी टँक भरून दिला, घरभर व्हिनेगरसारखा वास येत होता तरी. टँक फुटला नाही कारण लीक नव्हताच ना बावा.

लेव्हल अर्थातच परत उतरायला लागली. तेव्हा साहेबांनी दुसरी गोष्ट काढली, आता लीक नाही, आता पाणी "उडून राहिलं", त्यासाठी आरओचं पाणी टाका, नळाचं टाकलं तर क्षार साचतात. ही गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे आणि इथेच माणूस फसतो. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात, वरून परत क्षाराचं पाणी टाकलं की टँकमधलं पाणी जड होत जातं. काचेवर पांढरी रेघ दिसते ती हीच. सोबत एक बाटलीपण काढली, चार थेंब टाका पाणी उडणार नाही म्हणे. ती मी घेतली नाही, कारण वर तवंग आला तर हवा पाण्यात जाणार कशी. पण त्याच्याच दुकानातून आरओच्या पाण्याचे जार सुरू केले, साठ रुपयांना एक.

तर जार टाकत असूनही पांढरी रेघ वाढतच चालली आणि टेट्रा मलूल. बिल्डिंगमध्ये एक काका वॉटर प्युरिफायरचं काम करतात, त्यांच्याकडचा टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, आणून जारमध्ये बुडवला. चारशे ऐंशी! आरओचं पाणी असतं तर पन्नासच्या आतबाहेर यायला पाहिजे. काकांनी चव घेऊन सांगितलं, हे सरळ बोअरचं आहे. म्हणजे क्षार साचू नये म्हणून पैसे देऊन मी क्षारच विकत घेत होतो.

दुकानात गेलो तर मालक म्हणतो, "भैया, गर्मी में ऐसाच होता." पेन काउंटरवर ठेवून म्हटलं, आत्ता एक जार उघडा. उघडला नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करतो म्हटल्यावर जारचे पैसे परत केले, अठराशेवर मात्र म्हणे काम तर झालं ना.

लीक आहे का हे घरीच कळतं. टँकशेजारी पाणी भरलेली बादली ठेवा, त्याच पंख्याखाली, दोन्हीवर चिकटपट्टीनं खूण करा. दोन्हींची लेव्हल साधारण सारखीच उतरली तर पाणी उडतंय, टँक बरीच जास्त उतरली तर लीक बघा. टँकच्या कडेनं खाली कोरडा पेपर सरकवून ठेवा, लीक असेल तर तो भिजतोच. मी काच परत लावली, मागे बोटभर फट ठेवली आणि पंखा फक्त दुपारी. पाणी आटणं निम्म्याहून कमी झालं. लेव्हल फिल्टरच्या तोंडाखाली जाऊ देऊ नका, हवा खेचून मोटर जळते.

वर टाकायला घरच्या प्युरिफायरचं पाणी वापरतो, आठवड्याचं पाणी बदलायला नळाचं, क्लोरीन घालवून. कोणाला जार तपासायचा असेल तर आता माझ्याकडे स्वतःचा पेन आहे, संध्याकाळी सातनंतर घेऊन जा.