मशीन प्रोग्रॅममधून बंद करायचंय: शटडाऊन कमांड की थेट एपीआय?

अप्पा बळवंत चौकात मित्राचं डीटीपीचं दुकान आहे. दोन विंडोज मशीनं, फाइली ठेवायला एक लिनक्सचं. गुरुवारी लाइट गेली की यूपीएस जेमतेम १० मिनिटं तग धरतो. बॅटरी उतरली की सगळं आपोआप बंद करणारा प्रोग्रॅम लिहायला बसलो, तर पहिलाच प्रश्न हा: विंडोजची शटडाऊन कमांड वापरायची, की थेट एपीआय, म्हणजे प्रोग्रॅममधून विंडोजला हाक मारायची फंक्शनं?

कमांड एका ओळीत भागते. '/एस' म्हणजे बंद, '/आर' म्हणजे रीस्टार्ट, '/टी ६०' म्हणजे मिनिटभराची मुदत. तेवढ्यात लाइट आलीच तर '/ए' देऊन बेत रद्द. मेख मुदतीत आहे. ती शून्याहून जास्त असली की '/एफ' (सक्तीने बंद) न सांगता लागू होतो आणि उघडे प्रोग्रॅम 'सेव्ह करू का' न विचारता बंद पडतात. मुदत लिहिलीच नाही, तर ३० सेकंद धरली जातात, म्हणजे तेच. चाचणी करताना मी मित्राच्या मशीनवरचा लग्नपत्रिकेचा मजकूर असाच घालवला. पत्रिका पुन्हा टाइप केली मीच, चहाही मीच पाजला.

एपीआयमधल्या एक्झिटविंडोजईएक्स या फंक्शनला हाक मारली तर सक्ती करायची की नाही, ते वेगळं सांगता येतं. पण आधी प्रोग्रॅमने शटडाऊनचा अधिकार चालू करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठीचं अॅडजस्टटोकनप्रिव्हिलेजेस हे फंक्शन अधिकार मिळाला नाही तरी 'झालं' म्हणून मोकळं होतं. शेवटची चूक सांगणारं गेटलास्टएरर बघितल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. खुद्द एक्झिटविंडोजईएक्सचा होकारही 'सुरुवात केली' एवढाच. पुढे एखादी सेव्ह न केलेली फाइल वाट अडवून बसू शकते.

लिनक्सवर फार विचार नको: 'सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ'. 'हॉल्ट' नको, त्यात सिस्टिम थांबते पण वीज चालूच राहते, म्हणजे बॅटरी उतरतच राहणार. थेट रीबूट सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने लिनक्सच्या गाभ्याला मारलेली हाक) तर नकोच. डिस्कवर उतरायचा राहिलेला मजकूर तो उतरवत नाही, सरळ मशीन पाडतो. त्याला द्यावे लागणारे खुणेचे आकडे मात्र मजेचे. त्यातला एक षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पायाच्या) पद्धतीत लिहिला की २८१२१९६९ होतो, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख.

शेवटी दोन्ही विंडोज मशीनांवर कमांडच ठेवली. बॅटरी उतरताना '/टी ६०', कारण तेव्हा सक्ती हवीच. रात्री दुकान बंद करताना '/टी ०'. त्यात सक्ती नाही, फाइल उघडी राहिली तर मशीन अडून बसतं आणि मित्र शटर ओढण्याआधी एकदा स्क्रीनकडे बघतो.