गुजरीतला कोल्हापुरी साज: पानं नावानं मागा, वजन निव्वळ विचारा

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, साज दाखवा म्हटलं की पुढ्यात बहुधा दहा-बारा पानांचा, म्हणजे ओवलेल्या छोट्या घडीव आकारांचा, गळ्यातला साज येतो. देखणा, गळ्याला हलका, खिशाला झेपणारा. त्यात वाईट काही नाही. पण परंपरेनं पूर्ण साज २१ पानांचा: १० पानं विष्णूच्या दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, २ रत्नांची म्हणजे एक माणिक आणि एक पाचू, आणि एकविसावं डोरलं, म्हणजे मधोमधचं पदक. काही जण डोरल्याच्या जागी ताईत धरतात. बारा पानांचा साज घेतला की नऊ पानं गळतात, आणि कुठली गाळायची हे घेणाऱ्या बाईऐवजी साचे करणाराच ठरवून मोकळा झालेला असतो. ते तिनं ठरवावं.

मासा आणि कासव सोडू नका. मत्स्य आणि कूर्म हे पहिले दोन अवतार, आणि एवढ्याशा पत्र्यावरही लांबून ओळखू येणारे. वराह आणि नरसिंह नखाएवढ्या जागेत उठवायला हात मुरलेला लागतो, म्हणून तयार साजात ते क्वचित दिसतात. हवे असतील तर ऑर्डर देऊन घडवून घ्यावे लागतात. शंख विष्णूचा, चंद्र आणि बेलपान महादेवाचं. नाग तर दोघांचाही, शेष म्हणून विष्णूचा आणि गळ्यातला म्हणून शंकराचा. शिवाय आपल्या अंबाबाईच्या मूर्तीच्या मस्तकावरही नाग आहे. वैष्णव-शैव हा भेद साजाला ठाऊकच नाही, आणि आमच्या मते या दागिन्याचं खरं मोठेपण तेच. कमळ लक्ष्मीचं, भुंगा घेणार असाल तर तो कमळाशेजारीच ओवून घ्या, तिथंच तो शोभतो. वाघनख दृष्ट लागू नये म्हणून, पूर्वी लहान मुलांच्या गळ्यात घालत तसं. साजातलं वाघनख म्हणजे सोन्याचा नुसता आकार. कुणी ‘अस्सल नख मढवून देतो’ म्हणालं तर तिथून सरळ उठा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

आता घडण. साजाची पानं आणि त्यांच्यामधले जवाच्या आकाराचे जवमणी भरीव सोन्याचे नसतात. २२ कॅरेटचा पातळ पत्रा ठशावर दाबून आकार उठवतात, मागून सपाट पत्र्याचं झाकण बसवून डाक देतात म्हणजे आचेवर सांधतात, ओवायची कडी लावतात. आगीचं काम असं सगळं संपलं की मग बारीक छिद्रातून आत लाख भरतात. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण डाक द्यायच्या आचेला लाख टिकतच नाही. लाख गार होऊन घट्ट बसली की तिच्या आधारावर छिन्नीनं माशाचे खवले, कासवाच्या पाठीवरचे चौकोन, बेलपानाच्या शिरा काढतात. आत आधार नसेल तर पत्रा दबतो. म्हणून लाख म्हणजे भेसळ नव्हे. लाखेमुळंच थोड्या सोन्यात एवढा फुगीर, ठसठशीत घाट येतो. हलक्या साजात यंत्रावर छापलेली चपटी पानं मिळतात, त्यांना मागचं झाकण नसतं की लाख नसते. वजन कमी भरतं हे खरं, पण मासा आडवा धरून पाहिला तर त्याला पोट नसतं. पैसे थोडे असतील तर चपटी बारा पानं घेण्यापेक्षा लाखेची सात घ्या.

पान हातात घेऊन नखानं हलकेच टिचकी मारा. भरलेलं पान बद्द वाजतं, अर्धवट भरलेलं पोकळ. पोकळ पान पहिल्याच धक्क्याला चेपतं, आणि चेपलेलं पान बाहेरून उचलता येत नाही. लाख काढून, आतून ठोकून, पुन्हा भरावं लागतं. मागचं छिद्र बंद केलंय का तेही बघा. उघडं राहिलं तर घाम आणि पाणी आत जातं, लाख ठिसूळ होते, आणि काही वर्षांनी छिद्रातून काळपट भुकटी गळायला लागते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वजनात. काट्यावर साज ठेवल्यावर दिसतं ते ठोक वजन, त्यात सोनं आणि लाख दोन्ही. समजा काटा ३२.४०० ग्रॅम दाखवतो आणि आत लाख ९.६०० ग्रॅम आहे, तर सोनं २२.८०० ग्रॅमच. भाव लागायचा तो याच आकड्याला. लाखेचं वजन तयार दागिन्यावरून काढता येत नाही. लाख भरायच्या आधी रिकामी पानं तोलून ठेवली असतील तरच नेमकं सांगता येतं. म्हणून ऑर्डर देतानाच ‘रिकाम्या पानांचं वजन लिहून द्या’ म्हणा, आणि खडे असतील तर त्यांचं वेगळं. पुढं कधी मोड करायची वेळ आली तर लाख जाळून, सोनं वितळवून मगच तोलतात, आणि पावतीवर निव्वळ वजन नसेल तर तेव्हा बोलायला काही उरत नाही. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेटसह शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क लिहिणं सराफावर बंधनकारकच आहे. मागण्यात संकोच कसला?

तोळा म्हणजे काय हेही आधीच बोलून घ्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारात आज बोलतात तो १० ग्रॅमचा. आजीचा ‘तीन तोळ्यांचा साज’ आणि दुकानातला तीन तोळ्यांचा यात जवळजवळ ५ ग्रॅमचा फरक पडतो.

हॉलमार्कच्या तीन खुणा असतात: बीआयएसचं म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. खूण अगदी बारीक असते, भिंग मागून घ्या. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की सराफाची नोंदणी, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. प्रकार जरूर वाचा. हातात साज आणि अ‍ॅपवर अंगठी दिसली तर काय ते समजा. ‘केडीएम’ ही शुद्धतेची खूण नव्हे. ते कॅडमियमच्या डाकाचं नाव, आणि कॅडमियमचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक. तो शब्द ऐकून भुलू नका.

सोनं झेपत नसेल तर कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला साज हा आमच्या मते चांगला पर्याय. मुलामा उडाला तरी खाली चांदी राहते आणि पुन्हा चढवता येतो. एक ग्रॅमचा साज म्हणजे तांब्या-पितळेवर सोन्याचा नुसता हात. लग्नसराईत दोन-चार वेळा मिरवायला ठीक. अत्तर आणि घाम लागला की मानेकडची बाजू आधी काळी पडते, आणि मोडीत त्याला किंमत नाही.

जपणूक सोपी आहे. गरम पाणी, वाफ, गॅसजवळची फळी यांपासून लांब ठेवा. लाख उष्णतेनं मऊ होते आणि पान फुगतं. यंत्रात धुवायला देऊ नका. कोमट पाण्यात भिजवलेलं सुती फडकं पिळून पुसा, लगेच कोरडं करा, आणि साज आडवा, सुट्या मलमलीत ठेवा. टांगून ठेवला तर सगळा भार वरच्या दोऱ्यावर येतो आणि तो ताणतो.

खरं तर पानाआधी झिजतो तो ओवलेला दोरा. दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडून साज पुन्हा गाठवून घ्यायचा तो दोरा तुटायच्या आधी: दोन जवमण्यांमध्ये फट दिसू लागली किंवा पानं उलटी फिरू लागली की वेळ झाली. देताना त्याच्यासमोर पानं आणि मणी मोजा, काट्यावर वजन करा आणि मांडणीचा फोटो काढा, म्हणजे कासवाच्या जागी चंद्र जाणार नाही. दोन्ही बाजूंची पानं जोडीनं सारख्या वजनाची लावायला सांगा, नाहीतर साज एकीकडं सरकत राहतो. डोरलं मध्यावरच हवं. घेताना पुन्हा मोजा. नव्या दोऱ्यानं वजन किंचित वाढेल, कमी मात्र होता कामा नये.