कानाचं मशीन कुठं घ्यावं विचारणाऱ्यांसाठी

आईसाठी कानाचं मशीन घेऊन दीड महिना झाला, ग्रुपवर बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितोय. क्लिनिक नाशिकमध्ये कॅनडा कॉर्नरजवळ आहे, नाव टाकत नाही, उगाच जाहिरात वाटते. आधी सिडकोतच 'मोफत तपासणी'चा बोर्ड बघून एक स्वस्तातलं घेतलं होतं, त्यात सगळाच आवाज मोठा, मिक्सर लावला की माय मशीन काढून सरळ डब्यात.

इथं तपासणी नीट करतात, काचेच्या खोलीत बसवून पाऊण तास. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, ते मायनं झकास केलं. मग शब्दांची टेस्ट. मॅडम बाहेरून माईकवर एकेक शब्द म्हणणार, तो तसाच परत म्हणायचा. मॅडम म्हणाल्या "पाणी", माय म्हणाली "माले नको भाऊ". मॅडम म्हणाल्या "मुलगा", तर म्हणे "एकच शे, हाऊ काय बाहेर बठेल शे". मॅडम बिचाऱ्या कागदावर फुल्या मारतायत आणि मी काचेबाहेर हसू दाबतोय. २५ पैकी ९.

चूक माझीच. फॉर्मवर मातृभाषा विचारली होती, मी विचार न करता मराठी लिहून मोकळा. पाचवीला सटाण्याहून नाशिकच्या शाळेत आलो तेव्हा 'माले' म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा, दिवाळीपर्यंत मी 'मला'वर आलो. तेव्हापासून माय अहिराणीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो आणि आता माझी पोरगी दोघांनाही 'व्हॉट?' विचारते. वेगळी भाषा की मराठीची बोली ह्या भांडणात मी पडत नाही, पण भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने १९०७ मध्येच खानदेशीला (अहिराणी त्यातच येते) मराठीच्या खंडात न घेता भिल्लीसोबत ठेवलं होतं, आणि २०११ च्या जनगणनेतही ती वेगळी मोजलीय, साधारण १८.६ लाख. माझ्यासारखे मराठी लिहून मोकळे झालेले त्यात नाहीतच.

तर मॅडमकडे याद्या मराठी, हिंदी, इंग्रजीच्या, अहिराणीची नाही. दुसऱ्या कुणी 'आजींना समजत नाही' लिहून पुढचा पेशंट घेतला असता. ह्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला हाक मारली, ती निघाली कळवणची, अहिराणीवाली. तिनं आत जाऊन सांगितलं, "मावशी, ती जे म्हनस तेच तू म्हन, दुसरं काही बोलू नको." परत टेस्ट घेतली, २५ पैकी १७. म्हणजे मशीनचा किती उपयोग होईल त्याचा हिशोबच बदलला.

मग ग्राफ समजावला. १००० हर्ट्झपर्यंत मायचा कान बरा, २००० च्या पुढं रेघ धाडकन खाली. वयानं आधी उंच पट्टीचे आवाज जातात म्हणे, स, श, फ, त असली अक्षरं, स्वर राहतात, म्हणून म्हातारी माणसं म्हणतात आवाज येतो पण कळत नाही. ते ऐकताना माझी ट्यूब पेटली, अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, दर दुसऱ्या वाक्याला येतं. बहीण फोनवर 'बरं शे' म्हणायची आणि माय वर्षभर म्हणत होती, हिचा फोन तुटी राहिना, म्हणजे तुटतोय.

मशीन लावल्यावर मॅडम म्हणाल्या मागं उभं राहून घरी बोलता तसं बोला. घरी मी मराठीत बोलतो. पण कळवणची ती बाजूलाच उभी, लाज वाटली, आणि मी एवढ्या वर्षांनी म्हटलं, "माय, आते ऐकू येस का?"

"येस ना. वरडस काबर?"

दोन्ही कानांचे मिळून ४८ हजार गेले, आठवडाभर ट्रायल देतात, आवडलं नाही तर परत. कानामागचं आहे, बॅटरी दहाएक दिवस जाते. पार्किंगच्या नावानं बोंब, टू व्हीलरनं जा, आणि अपॉइंटमेंट असून तासभर बसावं लागलं त्याचा एक स्टार कापलाय. घरी कुणी अहिराणीवालं असेल तर सकाळचीच वेळ घ्या, ती कळवणची मुलगी दुपारी दोनपर्यंतच असते.