मागचा टायर ‘एक साइज मोठा’ म्हणून गळ्यात मारतात तेव्हा

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला सोलापुरात मागची नवी जोडी बसवून मिळाली. मूळ टायर १३.६-२८, बसवला १६.९-२८ (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत). ‘काळ्या रानात रुतणार नाही, ओढही वाढेल’ असं सांगून जास्तीचे पैसे घेतले. यात दोन फसवणुकी झाल्या, आणि दोन्ही दुकानातच ओळखता आल्या असत्या.

पहिली साइजची. रुंद टायर भार पसरवतो, त्यामुळे रुतणं कमी होतं, एवढं खरं. पण या टायरचा व्यास मूळ टायरपेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी मोठा असतो. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये वेग वाढतो आणि तितकीच ओढ घटते. उसाची भरलेली ट्रॉली चढाला लागली की हे लगेच कळतं. रोटाव्हेटरला फिरवणाऱ्या पीटीओचे (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याचे) फेरे तेवढेच राहतात, ट्रॅक्टर मात्र पुढे पळतो, म्हणून ढेकळं मोठी राहतात. सगळ्यात महाग पडतो तो पुढचा ॲक्सल. फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त धावतील असं गिअरचं गणित कंपनीने बांधलेलं असतं. मागचंच चाक मोठं केलं तर ते गणित उलटतं, पुढची चाकं फरफटतात आणि कडक जमिनीवर सगळा ताण गिअरवर येतो. ‘फोर-व्हील काढून चालवा’ हा दुकानदाराचा सल्ला म्हणजे पुढच्या ॲक्सलचे मोजलेले पैसे पाण्यात.

शिवाय रिम जुनीच ठेवली होती. १३.६ च्या बारा इंची रिमवर १६.९ चा टायर कडांना आवळला जातो, मधोमध फुगतो, आणि नक्षी मधूनच झिजते. १४.९-२८ त्या रिमवर बसू शकतो, पण फोर-व्हीलला तोही पुढच्या टायरचा हिशोब जुळल्याशिवाय नको.

दुसरी फसवणूक जास्त वाईट. टायर नवा नव्हता, जुन्यावरच नवं रबर चढवलेलं होतं. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे ‘आतल्या बाजूला आहेत’ म्हटलं की गिऱ्हाईक गप्प बसतं. या जोडीत आतल्या बाजूची ती जागा घासून गुळगुळीत केली होती, वरून काळं पॉलिश. डिझेलच्या फडक्याने पुसताच पॉलिश निघालं आणि खांद्यापाशी जुन्या-नव्या रबराची बारीक शिवण दिसली. नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगाही होत्या. आत हात घातला असता तर पॅचही लागला असता.

म्हणून टायर रिमवर चढण्याआधीच दोन्ही बाजू पुसून बघा, आतून हात फिरवा, चार आकड्यांचा फोटो काढा. बिलावर साइज, प्लाय रेटिंग (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) आणि प्रत्येक टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवर जीएसटी १८ ऐवजी ५ टक्के आहे, तेही बिलात तपासा. ‘कच्चं बिल घ्या, स्वस्तात देतो’ म्हणाले तर तिथून उठा.

टायर आधीच बसवला असेल तर काढून टाकू नका, तसाच फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दावा करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.