शेणावरच्या कप बुरश्या: माळ तुडवावा की डबा लावावा?

शेणावर उगवणाऱ्या, वाटी किंवा चकतीसारख्या दिसणाऱ्या बारीक कप बुरश्या ओळखायला नव्याने लागलेले काही जण दर पावसाळ्यात मला एकच गोष्ट विचारतात: माळावर जाऊन शोधायच्या, की लेंड्या घरी आणून डब्यात ओल देऊन उगवायच्या? मी चार पावसाळे नांदेड जिल्ह्यातल्या कंधार-लोहा भागातले माळ तुडवले आणि नंतरची तीन वर्षं डबे लावले. दोन्हींत शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

माळाचं मोठेपण आधी सांगतो. ताज्या ओल्या शेणाच्या पोवर नारिंगी कायलिमेनिया ग्रॅन्युलाटा या कप बुरशीची शेकडो टिपकी दाटीने उगवलेली पाहणं, हे डब्यात तसं अनुभवता येत नाही. जुन्या उकिरड्यावरची बोटभर रुंद पेझिझा ही कप बुरशीही मला डब्यात कधी मिळाली नाही. शिवाय कोणती बुरशी कोणत्या दिवसांत, उन्हात की बाभळीच्या सावलीत येते, हे फक्त माळच दाखवतो. डबा एवढंच सांगतो की त्या लेंडीत कोणते बीजाणू होते. ते माळावर खरंच उगवले असते का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. तुमचा प्रश्न तोच असेल तर खुशाल माळावर जा.

पण प्रश्न बुरशीचं नाव ठरवण्याचा असेल, तर माझं मन डब्याकडे झुकतं. त्याला कारण आहे कोवळ्या कपांचा त्रास.

अ‍ॅस्कोबोलस या कप बुरशीचे बीजाणू सुरुवातीला रंगहीन असतात, मग जांभळे होतात आणि शेवटी तपकिरी. त्यांच्यावरच्या रेघा पक्व झाल्यावरच नीट दिसतात आणि जाती ओळखायला मोठा आधार त्या रेघांचाच. सॅकोबोलस या तिच्या भाऊबंदात, बीजाणू ज्या सूक्ष्म पिशवीत तयार होतात त्या पिशवीतले आठही बीजाणू एकमेकांना चिकटून एक गाठोडं होतं, पण कोवळ्या कपात तेही खात्रीने सांगता येत नाही. माळावर मला दहांतले सात-आठ कप कोवळेच मिळाले. स्लाइड करावी, आत सगळं काचेसारखं स्वच्छ, आणि वहीत लिहावं: ‘अ‍ॅस्कोबोलस, अपक्व’. पहिल्या दोन पावसाळ्यांच्या वह्या याच दोन शब्दांनी भरल्या आहेत.

दोन दिवसांनी परत जावं म्हटलं, तर ऑगस्टची उघडीप पडलेली असते आणि पो वरून कडक पापडी झालेला. कधी शेणकिड्यांनी आतून पोखरून भुगा केलेला असतो. एकदा खूण म्हणून शेजारी दगड ठेवून आलो होतो. तिसऱ्या दिवशी गेलो तर दगड जागेवर आणि शेण गौऱ्या थापायला गेलेलं. ज्या आजी ते वेचून नेत होत्या त्यांना मी काय सांगणार? आपल्याकडे गाईम्हशीचं शेण माळावर पडून राहतंच कुठे! त्या दिवशी घरी आलो आणि पहिला डबा लावला.

डब्यात तीच लेंडी रोज भिंगाखाली घेता येते. पारदर्शक झाकणाचा डबा, तळाला टिपकागद, तो ओला पण पाणी न साचलेला. डबा खिडकीशी उजेडात ठेवायचा, थेट उन्हात नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायलोबोलस नावाची वेगळीच बुरशी येते आणि उजेडाकडच्या बाजूला झाकणावर काळे ठिपके मारून ठेवते. तिला घाबरून डबा फेकू नका. कप साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतात. अ‍ॅस्कोबोलसच्या चकतीवर गडद ठिपके वर डोकावले की समजायचं, पक्व पिशव्या बाहेर आल्या, आता स्लाइड करा. मी झाकणाला आतून एक कव्हरस्लिप (स्लाइडवर ठेवायची पातळ काच) चिकटवतो. कप बीजाणू वर फेकतात ते तिच्यावर आयते बसतात, आणि सॅकोबोलसचं गाठोडं अख्खंच्या अख्खं मिळतं.

लॅसिओबोलस आणि आयोडोफॅनस या आणखी दोन कप बुरश्या. लॅसिओबोलसचे टोकदार, आडपडदे नसलेले केस आणि आयोडीनने निळ्या होणाऱ्या आयोडोफॅनसच्या पिशव्या माळावर आणि डब्यात, दोन्हीकडे सारख्याच दिसतात, तिथे निवडीचा प्रश्न येत नाही.

डब्याचे त्रास आहेतच. माश्यांच्या अळ्या होतात, बारीक माइट किडे कप कुरतडतात, पाणी जास्त झालं तर सगळं सडतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या पत्र्याच्या खोलीत डबे चाललेच नाहीत, माठाशेजारी ठेवले तेव्हा थोडं जमलं. घरच्यांची परवानगीही लागते. गाईच्या शेणापेक्षा शेळीच्या लेंड्यांना वास कमी, म्हणून सुरुवात त्यांनीच करा.

आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. लेंड्या सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवल्या तर काही महिन्यांनी ओल दिल्यावरही कप येतात. प्लास्टिकची पिशवी मात्र नको, आत घाम धरतो. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला घोडे, गाढवं, उंट येतात, पण तेव्हा माळ कोरडा ठणठणीत असतो. मी तिथून घोड्याची लीद पुडीत घालून आणतो, पुडीवर जनावर आणि तारीख लिहितो, आणि फेब्रुवारीत निवांत डबा लावतो. पक्व, जांभळ्या, रेघांच्या बीजाणूंची माझी पहिली स्लाइड अशाच एका पुडीतून निघाली.